गोरिलांच्या गावाला जाण्याआधी

प्रश्न : डॉक्टर, लेक-जावई नोकरीनिमित्त युगांडात, कंपालाला असतात. डिसेंबरात आम्हा दोघांना बोलावलंय आणि बविंडीच्या जंगलात गोरिला दाखवायचाच असा हट्ट आहे. परमिट माणशी 800 डॉलर! जावई म्हणतात, हे पैसे गावकऱ्यांना मिळतात म्हणूनच ते गोरिला राखतात. खरं का? शिवाय ह्यांना बरेच दिवस खोकला आहे. त्याची अडचण होईल का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, खोकल्याचं आधी बोलू. तुम्ही तो शेवटी लिहिलात, पण खरी गोष्ट तिथेच आहे.

1996 साली बविंडीतल्या एका कळपातल्या गोरिलांचे केस गळायला लागले, कातडीवर पांढऱ्या खपल्या धरल्या. युगांडाच्या सरकारी सेवेतल्या तरुण पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी ओळखीच्या, माणसांच्या डॉक्टरांना विचारलं, तुमच्याकडे कातडीचा कुठला आजार जास्त दिसतो? उत्तर आलं, खरूज. आणि तीच निघाली. एक पिल्लू दगावलं. बाकीचे आयव्हरमेक्टिनने बरे झाले. ठाण्यात मी हेच औषध खरजेच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं टोचत आलोय, म्हणून ही हकिगत मला जरा जास्तच जवळची. लागण कुठून? गोरिला केळीच्या बागांत उतरत, तिथल्या बुजगावण्यांच्या मळक्या कपड्यांना हात लावत. गावात तेव्हा धड दवाखाना नव्हता, आंघोळीला पुरेसं पाणी नव्हतं, आणि त्याची किंमत जंगलातल्या जनावराने मोजली.

त्यातून 2003 मध्ये बाईंनी ‘कन्झर्व्हेशन थ्रू पब्लिक हेल्थ’ ही संस्था काढली. गावातलेच स्वयंसेवक घरोघर जाऊन हात धुणं, क्षयाची लक्षणं, कुटुंबनियोजन याबद्दल बोलतात आणि त्याच फेरीत गोरिला शेतात आला होता का, हेही टिपून घेतात. त्यांच्या गटांना शेळ्या किंवा गायी दिल्या जातात. पशुवैद्य म्हणून मला हा व्यवहार फार आवडतो. शेळी व्याली की गट टिकतो. नुसत्या मानपत्रावर कोण किती दिवस चालणार?

गोरिला बागेत शिरला की ‘ह्युगो’ नावाचे गावकऱ्यांचे गट त्याला हाकारत जंगलाकडे परत वळवतात. केळीचा गाभा म्हणजे गोरिलाचा जीव की प्राण. आपल्याकडे त्याची भाजी होते, तिथे एका सकाळीत शेतकऱ्याचं उत्पन्न जातं. जंगलाच्या कडेला काही ठिकाणी चहा लावलाय, कारण चहाच्या पाल्याला गोरिला तोंड लावत नाही.

आता पैसे. जावईबापूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. कायद्याने शेजारच्या गावांना उद्यानाच्या प्रवेशशुल्काचे 20 टक्के मिळतात, पण प्रवेशशुल्क वेगळं आणि परमिट वेगळं. तुमच्या 800 डॉलरमधले थेट गावाकडे जाणारे डॉलर थोडेच. गावात खरा पैसा उतरतो तो तुमची पिशवी वाहणाऱ्या पोर्टरकडे, खाणावळीत आणि कॉफीच्या बियांतून. 2015 पासून ‘गोरिला कन्झर्व्हेशन कॉफी’ तिथल्या शेतकऱ्यांची चांगली कॉफी चढ्या भावाने घेते. येताना ती जरूर आणा.

सगळ्यांचंच भलं झालं असं मात्र नाही. 1991 मध्ये उद्यान झालं तेव्हा तिथल्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बट्वांना बाहेर काढलं, आणि त्यांचं भूमिहीनपण अजून सुटलेलं नाही. आपल्या ठाण्याच्या येऊरच्या जंगलातल्या पाड्यांवरची माणसं हे वाचतील तर त्यांना मुद्दाम समजवावं लागणार नाही.

तरीही आकडा बोलतो. बविंडी आणि लगतच्या, काँगोतल्या सारांब्वे अभयारण्यामध्ये 2018 च्या गणतीत 459 गोरिला मोजले गेले. विरुंगा डोंगररांगेतले धरून जगात हजाराच्या थोडे वर. त्याच वर्षी पर्वतीय गोरिलांना ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ यादीत आणलं. पण आपली साधी सर्दी गोरिलाला लागली तर तिचा न्यूमोनिया होऊन बसू शकतो. म्हणून एका कळपाला दिवसाला एकच गट, 8 माणसं, एक तास, आणि आजारी माणसाला प्रवेश नाही.

तेव्हा परमिट काढण्याआधी ह्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायचीच, गोरिला असो वा नसो. डिसेंबरातही खोकला राहिला, तर त्यांना जंगलाच्या तोंडाशी असलेल्या बुहोमा गावातल्या लॉजवर चहा देऊन बसवा आणि तुम्ही लेकीबरोबर जाऊन या. पोर्टर मात्र नक्की घ्या. ओझं नसलं तरी.