वाचकांचे प्रश्न : सौर पॅनेल बसवण्याचे काम छोट्या व्यावसायिकाला द्यावे का?

प्रश्न : आमच्या घराच्या गच्चीवर सुमारे ३ किलोवॉट क्षमतेचा सौर संच बसवण्याचे आम्ही ठरवले आहे. हाती दोन दरपत्रके आहेत. एक अनेक शाखा असलेल्या मोठ्या कंपनीचे आहे, तर दुसरे आमच्याच परिसरात तिघाचौघांच्या बळावर व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांचे. दोघांच्या दरात फारसा फरक नाही. परिसरातील गृहस्थ स्वतः येऊन गच्ची पाहून गेले आणि त्यांचे बोलणेही सरळ वाटले. परंतु घरातील मंडळी म्हणतात की २५ वर्षे टिकणारी वस्तू घेताना, उद्या या माणसाने व्यवसाय बंद केला तर काय, याचा आधी विचार करावा. आम्हाला विजेच्या कामातले काही कळत नाही. अशा माणसावर विसंबावे का, आणि विसंबायचे तर कशाच्या आधारावर?

उत्तर : आपल्या घरच्यांची शंका रास्त आहे, मात्र ती ज्या २५ वर्षांवर उभी आहे ती आधी नीट पाहिली पाहिजेत. पॅनेलवर मिळणारी २५ वर्षांची हमी ही बसवणाऱ्याची नसते, ती उत्पादक कंपनीची असते, आणि तीही मुख्यतः उत्पादनक्षमतेची असते, म्हणजे इतक्या वर्षांनंतरही पॅनेल मूळ क्षमतेच्या साधारण ८० टक्के किंवा त्याहून अधिक वीज देईल, एवढेच तिचे म्हणणे असते. पॅनेलमधील निर्मितीदोषांसाठी वेगळी हमी असते आणि इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशा विजेत बदलणाऱ्या यंत्राची, हमी बहुधा ५ ते १० वर्षांची असते. यांपैकी कोणतीही हमी, आपण काम मोठ्या कंपनीला दिले की छोट्या व्यावसायिकाला, यावर अवलंबून नसते. बसवणाऱ्यावर अवलंबून असते ते त्याच्या हातचे काम : सांगाडा, गच्चीला पाडलेली छिद्रे आणि ती बुजवण्याची पद्धत, तारांची जोडणी, अर्थिंग. त्या कामाची हमी तो किती वर्षांची आणि लेखी देतो का, हे आधी विचारावे. मोठ्या कंपन्यांचे प्रत्यक्ष गच्चीवरचे काम पुष्कळदा स्थानिक उपकंत्राटदारच करतात. त्यामुळे ‘आमच्या गच्चीवर नेमके कोण चढणार आहे?’ हा प्रश्न दोघांनाही विचारण्यासारखा आहे. छोट्या व्यावसायिकाच्या बाबतीत दर ठरवणारा, काम करणारा आणि पुढे तक्रार ऐकणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे बळ आहे.

ते गृहस्थ गच्ची पाहून गेले, असे आपण लिहिले आहे. त्यांनी तेथे काय पाहिले, हे आठवून पाहावे. केवळ टेप लावून लांबी-रुंदी घेतली असेल तर ती पाहणी अपुरी आहे. चांगला कारागीर पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचे झाड यांची सावली सकाळी आणि दुपारनंतर कोठे पडेल हे विचारतो, आणि हिवाळ्यात सूर्य खाली असताना ती किती लांबेल याचाही अंदाज घेतो. सावलीला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की, पॅनेलमधील सेल, म्हणजे वीज तयार करणाऱ्या छोट्या चकत्या, एका माळेत जोडलेले असतात आणि माळेतील एका सेलचा प्रवाह अडला की त्याच्या सोबत्यांचाही अडतो. हे नुकसान मर्यादित राहावे म्हणून पॅनेलमध्ये सहसा ३ बायपास डायोड बसवलेले असतात, आणि प्रत्येक डायोड पॅनेलच्या एकेका तृतीयांश भागात अडथळा आल्यास प्रवाहाला त्या भागाला वळसा घालू देतो. तरीही टाकीच्या नळाची बोटभर सावली पॅनेलचा एक तृतीयांश भाग निकामी करू शकते. याशिवाय त्यांनी मीटर आणि मुख्य बोर्ड उघडून पाहिला का, घराचे अर्थिंग तपासले का, वर्षभराची वीजबिले मागितली का, स्लॅबची स्थिती आणि पाण्याचा उतार पाहिला का? या गोष्टी कोणी न सांगता केल्या असतील, तर त्या माणसाविषयी माझे मत निश्चितच अनुकूल होईल.

यापुढची कसोटी जुन्या कामाची. नुकताच बसवलेला संच सर्वांचाच देखणा दिसतो, म्हणून ४-५ वर्षांपूर्वी केलेले काम दाखवावे, असे सांगावे. तेथे गेल्यावर पॅनेलकडे कमी आणि पॅनेलच्या खाली अधिक पाहावे. सांगाड्याच्या कापलेल्या टोकांवर आणि बोल्टवर गंज चढला आहे का, तारा गच्चीवर मोकळ्या लोळत आहेत की पाइपमधून नेलेल्या आहेत, प्लॅस्टिकच्या पट्ट्या उन्हाने तुटून तारा लोंबत आहेत का, सांगाड्याच्या पायांपाशी ओल दिसते का, हे कोणत्याही तांत्रिक ज्ञानाशिवाय दिसते. त्या घरच्यांना ‘समाधानी आहात का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुतेक जण शिष्टाचार म्हणून होकारार्थीच देतात. त्याऐवजी ‘संच कधी बंद पडला होता का, आणि कळवल्यावर ते किती दिवसांनी आले?’ असे विचारावे. छोट्या व्यावसायिकाची खरी योग्यता या एका उत्तरात समजते.

जोडणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथील चूक केवळ खर्चाची नसून जिवाची असते. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत वाहणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, असते आणि एकमेकांना जोडलेल्या पॅनेलच्या माळेचा दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. घरातील एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, विजेचा प्रवाह सेकंदाला अनेकदा शून्यावर येत असल्याने तिची ठिणगी विझण्याची शक्यता असते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही, त्यामुळे सैल जोडातून उडालेली ठिणगी पेटतीच राहू शकते आणि आग लागू शकते. म्हणून जोडाचे नर-मादी दोन्ही भाग एकाच उत्पादकाचे आणि एकाच प्रकारचे असावेत, ते त्यासाठी बनवलेल्या हत्यारानेच दाबलेले असावेत, आणि डीसी बाजूला डीसीसाठीच बनवलेले स्विच व सर्ज संरक्षक (विजेच्या दाबातील अचानक उसळीपासून वाचवणारे उपकरण) असावेत. आपण त्या गृहस्थांना ‘तुम्ही जोड कोणत्या हत्याराने दाबता?’ असे सहज विचारावे. जाणता माणूस आनंदाने ते हत्यार काढून दाखवील. साध्या पकडीने काम भागते असे कोणी म्हणाले, तर त्याला काम देऊ नये.

दरपत्रकात पॅनेल आणि इन्व्हर्टर यांची कंपनी व नेमके मॉडेल लिहिलेले असावे. ‘किंवा समतुल्य’ हे शब्द असतील तर ते खोडून घ्यावेत. वर्षभरात अपेक्षित वीज किती, हा आकडाही लेखी घ्यावा. पॅनेलवर छापलेली क्षमता ही सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. तापलेल्या गच्चीवर सेल ६५ अंशांपर्यंत जातात आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. म्हणजे भर उन्हातच १२ ते १६ टक्के घट होते. ही घट, धूळ आणि सावली धरून जो माणूस कमी आकडा सांगतो, तो जास्त आकडा सांगणाऱ्यापेक्षा विश्वासार्ह समजावा.

आता मूळ शंका : व्यवसायच बंद झाला तर? ही शक्यता कोणीही नाकारू शकत नाही, आणि मोठ्या कंपन्यांनाही ती लागू आहे. तिच्यावर उपाय एवढाच की, दुसऱ्या कोणत्याही जाणकाराला पुढे सांभाळता येईल अशा रीतीने काम आणि कागद दोन्ही करून घ्यावेत. बिल व हमी आपल्या नावाने असावी आणि हमीची नोंदणी उत्पादकाकडे झालेली असावी. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक, कोणते पॅनेल कोणत्या माळेत आहे याचा आराखडा, तारांची आकृती, तसेच काम पूर्ण झाल्याच्या दिवशी मोजलेले माळेचे व्होल्टेज, तारांचा इन्सुलेशन रोध (तारांवरील आवरणातून वीज गळत नाही ना, हे दाखवणारे माप) आणि अर्थिंगचा रोध यांची नोंद मागून घ्यावी. अशी कागदपत्रे व चाचण्या आयईसी ६२४४६-१ या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितलेल्या आहेत, तेव्हा ती मागण्यात संकोच बाळगू नये. एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातून सुटते : इन्व्हर्टरचे उत्पादन मोबाइलवर दाखवणारे खाते अनेकदा बसवणाराच आपल्या ईमेलवर उघडतो. ते मुख्य मालक म्हणून आपल्या नावाने उघडून घ्यावे, अन्यथा पुढे तो भेटला नाही तर आपल्याच संचाची माहिती आपल्याला मिळणार नाही.

प्रश्न : आम्हाला एका व्यावसायिकाने सांगितले की, सौर संच बसवला की बाहेरची वीज गेली तरी घर चालूच राहील. बॅटरी घेण्याची गरज नाही. हे खरे आहे का?

उत्तर : ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याच्या तारांना, जोडलेल्या साध्या संचाच्या बाबतीत हे खरे नाही. बाहेरची वीज जाताच असा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, मग ऊन कितीही असो. तारेवर दुरुस्तीसाठी चढलेल्या कामगाराला आपल्या छतावरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल तर बॅटरी आणि तिच्यासाठी योग्य असा हायब्रिड (पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर सहसा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून जो सांगत नाही, त्याचे दरपत्रक बाजूला ठेवावे.

प्रश्न : छोटे व्यावसायिक बहुतेक सर्व रक्कम आधीच मागतात. ती द्यावी का?

उत्तर : सर्व रक्कम आधी देऊ नये. मात्र त्यांची अडचणही समजून घ्यावी : त्यांना पॅनेल आणि इन्व्हर्टर रोखीने उचलावे लागतात आणि हाती भांडवल थोडे असते. म्हणून सामान गच्चीवर पोहोचले, त्यावरील मॉडेल व अनुक्रमांक दरपत्रकाशी जुळवून पाहिले, की त्याचे पैसे लगेच द्यावेत, त्यांना ताटकळत ठेवू नये. शेवटचा हप्ता मात्र संच ग्रिडला जोडला जाऊन वीज देऊ लागेपर्यंत आणि वर सांगितलेली कागदपत्रे हाती येईपर्यंत राखून ठेवावा, आणि हे सर्व काम सुरू होण्यापूर्वीच लिहून घ्यावे.