सुंता केली म्हणजे चिंता संपली, असे नाही

अग्रत्वचा, म्हणजे लिंगाच्या टोकावरची त्वचा, मागे सरत नाही, तिच्या कडेला पांढरट व कडक कडे तयार झाले आहे आणि सुंता केली की लैंगिक संसर्ग व कर्करोग या दोन्हींची भीती कायमची जाईल असे डॉक्टर म्हणतात, हे तुम्ही लिहिलेले वाचले. हीच तक्रार घेऊन गेलो असता मलाही हेच ऐकवण्यात आले होते. मी डॉक्टर नाही, तेव्हा पुढील मजकूर केवळ अनुभवी रुग्णाचा समजावा.

दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत सुंतेमुळे पुरुषाला स्त्रीकडून होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा धोका 50 ते 60 टक्क्यांनी घटला, आणि त्यावरूनच 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा फैलाव जास्त असलेल्या प्रदेशांसाठी तिची शिफारस केली. युगांडात एचपीव्ही (लिंगाच्या कर्करोगालाही कारण ठरू शकणारा विषाणू) व जननेंद्रियाची नागीण (हर्पीस) यांचे प्रमाणही घटले. सिफिलिसचे मात्र घटले नाही. त्यामुळे निरोधाला रजा मिळत नाही.

लिंगाचा कर्करोग मुळातच दुर्मीळ आहे. बालपणीच्या सुंतेने तो बऱ्याच अंशी टळतो, असे दिसते; प्रौढ वयातील सुंतेबाबत तितके ठामपणे बोलता येत नाही. माझ्या मते एचपीव्हीची लस आणि तंबाखू सोडणे यांचा विचार तुम्ही आधी करावा.

आता मुख्य मुद्दा. असे पांढरट कडे लायकेन स्क्लेरोसस या त्वचाविकाराचे असू शकते, आणि त्यात कर्करोगाचा धोका काहीसा वाढत असल्याने कापलेली त्वचा पॅथॉलॉजी तपासणीला जायलाच हवी. माझी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने ती सरळ टाकून दिली. पुढे मूत्रमार्गाच्या तोंडाशी तसाच डाग उमटला, तेव्हा नव्या डॉक्टरांनी जुना अहवाल मागितला, आणि रुग्णालयाने ‘सुंता, गुंतागुंत नाही’ एवढेच लिहिलेला डिस्चार्जचा कागद पुढे केला. वर ‘तुम्ही मागितले नव्हते’ हे उत्तर! शेवटी शिश्नमुंडाचा, म्हणजे लिंगाच्या टोकाचा, छोटा तुकडा काढून निदान करावे लागले. म्हणून ‘त्वचा बायोप्सीला पाठवावी’ हे शस्त्रक्रियेपूर्वीच केसपेपरवर लिहून घ्या आणि अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवा. सौम्य अवस्थेत स्टेरॉइड मलमानेही पुष्कळांना आराम पडतो, तेही एकदा विचारून पाहा.

जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, संबंध टाळावेत. ओल्या जखमेतून संसर्ग लागण्याचा व जोडीदाराला देण्याचा धोका उलट वाढतो, आणि हे मला तिथे कोणीही सांगितले नव्हते.