वाचकांचे प्रश्न : इंग्रजी साहित्याचा पेपर

प्रश्न : मुलीला शाळेत इंग्रजी साहित्य हा विषय आहे. शेक्सपिअरचे 'मॅक्बेथ' हे नाटक तिला जवळजवळ पाठ आहे, तरी पानेच्या पाने लिहून निम्मेच गुण पडतात. पेपरवर दर वेळी एकच शेरा : 'गोष्ट सांगू नका.' नेमके चुकते कुठे?

उत्तर : गोष्ट परीक्षकाला ठाऊकच असते. गुण असतात ते लेखकाने ती कशी उभी केली, हे दाखवण्याला.

लेडी मॅक्बेथच घ्या. नवऱ्याने राजाचा खून केल्यावर, दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ती त्याला म्हणते, 'अ लिटल वॉटर क्लिअर्स अस ऑफ धिस डीड' (थोड्याशा पाण्याने आपण या कृत्यातून मोकळे होऊ). पाचव्या अंकाच्या सुरुवातीला तीच झोपेत चालताना हात चोळत 'आउट, डॅम्ड स्पॉट' (नीघ, मेल्या डागा) म्हणते. 'पुढे तिला पश्चात्ताप होतो' एवढेच लिहिले, तर ती झाली गोष्ट. पहिल्या वाक्यात ती खुनाला खून म्हणत नाही, नुसते 'डीड' म्हणते. 'लिटल'ने तो आणखी किरकोळ करते. नंतर ती डागालाच हुकूम सोडते, पण तो ऐकत नाही. शिवाय आधी पद्यात बोलणारी ही बाई इथे गद्यात बोलते. शेक्सपिअरने तिच्या तोंडचे वृत्तच काढून घेतले आहे. हे शेवटचे निरीक्षण फार थोडी मुले लिहितात.

म्हणून अवतरणे तीन ते पाच शब्दांचीच पाठ करावीत. मुख्य पात्रामागे पाच-सहा पुरेत. लांब अवतरण परीक्षेत अर्धवट आठवते, आणि आठवले तरी त्यातल्या कुठल्या शब्दावर बोलायचे ते सुचत नाही. निवडताना एकाच अवतरणाला दोन कामे लावा. वरचे पाण्याचे वाक्य अपराधभावावर चालते, तसेच नवरा-बायकोच्या नात्यावरही.

वेळेचे गणित घरीच करून जावे. 2 तासांत 80 गुण असतील, तर गुणामागे दीड मिनिट. 20 गुणांच्या प्रश्नाला 30 मिनिटे : मुद्दे काढायला 5, लिहायला 22, वाचून पाहायला 3. आवडत्या प्रश्नावर 45 मिनिटे गेली की शेवटचा प्रश्न बुडतो. पहिल्या उत्तरात आणखी दोन गुण वाढवायला फार कष्ट पडतात. कोऱ्या प्रश्नाचे पहिले पाच-सहा त्या मानाने सहज मिळतात.

प्रश्न : न शिकवलेल्या कवितेची तयारी करता येते का?

उत्तर : येते. रोज एक छोटी कविता पुरे. पहिल्यांदा पेन हातात न घेता वाचावी. दुसऱ्यांदा वाचताना कोण कोणाशी बोलते आहे ते पाहावे आणि कविता कुठे वळते तिथे खूण करावी. 'बट', 'येट', 'नाउ' हे शब्द बहुधा ती जागा दाखवतात. चौदा ओळींचे सुनीत असेल, तर नवव्या ओळीपाशी आणि शेवटच्या दोन ओळींत आधी शोधावे. उपमा, अनुप्रास यांची नुसती यादी करू नये. अलंकार ओळखला, पण तो त्या ओळीत काय करतो हे सांगितले नाही, तर त्याला जेमतेम गुण मिळतात. नाव आठवत नसेल, तर 'हा ध्वनी पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे ओळ अडखळते' असे साधे लिहिलेले केव्हाही चांगले.