फ्लाइंग ट्रेनिंगमध्ये मार्क कमी पडले तर फायटर मिळत नाही का?

प्रश्न असा आहे: एनडीएची तयारी सुरू आहे, हवाई दलच हवंय. क्लासमधले सर सांगतात की डुंडिगलला पहिले आलेलेच फायटरला जातात आणि मागे राहिलेल्यांना ट्रान्सपोर्ट नाहीतर हेलिकॉप्टर ‘देऊन टाकतात’. हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी चांगली चांगली मुलं उगाच खचतात, म्हणून सविस्तर लिहितो. मी हवाई दलात ट्रान्सपोर्ट पायलट होतो, एएन-३२ वर. मधली काही वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून कॅडेट्सना शिकवलंही आहे.

सुरुवात सगळ्यांची एकाच विमानावर होते. खडकवासल्याहून आलेला असो की एफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन आलेला, हैदराबादजवळच्या डुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीत पहिला टप्पा पिलाटस पीसी-७ मार्क-२ वर होतो. ही स्विस बनावटीची ७५ विमानं घेतली गेली आणि २०१३ पासून ती वापरात आली. हा टप्पा संपला की ‘ट्रायफर्केशन’ होतं, म्हणजे बॅचचे तीन गट पडतात: फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर. तुमचा प्रश्न खरं तर या एका दिवसाबद्दलचा आहे.

त्या दिवशी काय काय बघतात? मेरिट बघतात, हे खरंच. त्यात फ्लाइंगचे मार्क असतात, एरोडायनॅमिक्स, हवामानशास्त्र, नेव्हिगेशन अशा ग्राउंड सब्जेक्ट्सचे असतात आणि अधिकारी म्हणून वागणुकीचंही मोजमाप असतं. कॅडेटची स्वतःची पसंती विचारली जाते. कुठला मुलगा कशाला योग्य, यावर इन्स्ट्रक्टर्सचं मत असतं. मेडिकल असतं. आणि या सगळ्यांच्या वर असते त्या बॅचच्या वेळची हवाई दलाची गरज. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये जसं होतं तसंच हे आहे: तुमचा नंबर कितवा एवढ्याने भागत नाही, त्या वर्षी जागा किती हेही लागतं. ज्या बॅचला फायटरच्या जागा भरपूर असतील तिथे मधल्या फळीतला मुलगाही जातो, आणि जागा आखडल्या तर वरच्या फळीतल्यालाही दुसरी वाट धरावी लागते.

या जागा कमीजास्त का होतात, हेही समजून घ्या. हवाई दलाला फायटरची ४२ स्क्वॉड्रन्स, म्हणजे विमानांच्या तुकड्या, मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि प्रत्यक्षातला आकडा २९ वर आला. दुसऱ्या बाजूला २०२१ मध्ये ५६ सी-२९५ ट्रान्सपोर्ट विमानांचा करार झाला. ती येतील तसे त्यांना पायलट लागणार, आणि ट्रान्सपोर्टच्या कॉकपिटमध्ये एकाच्या जागी दोघे बसतात. नवी विमानं कधी येणार, जुनी कधी जाणार, यातलं काहीच कॅडेटच्या हातात नसतं. त्याच्या हातात फक्त त्याची सॉर्टी, म्हणजे एकेक उड्डाण, असते.

म्हणून आता सॉर्टीबद्दल. मार्क कसे पडतात याची बाहेर फार चुकीची कल्पना आहे. लँडिंग गुळगुळीत झालं की चांगले मार्क, असं लोकांना वाटतं.

पीसी-७ मध्ये कॅडेट पुढच्या सीटवर आणि इन्स्ट्रक्टर मागे असतो. समजा, सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याचा सराव, चाललंय. फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याला, वळून विमान रनवेच्या रेषेत आलं, आणि वेग हळूहळू दोन-चार नॉट्सनी उतरायला लागला. एक कॅडेट मी मागून ‘स्पीड’ म्हणेपर्यंत बघतच नाही. मग दचकून पॉवर लावतो, विमान वर सरकतं, मग घाबरून पॉवर काढतो, विमान खाली बसायला लागतं, आणि जमीन येईपर्यंत हेच चालू राहतं. दुसऱ्याचा हात मात्र मी तोंड उघडायच्या आत थ्रॉटलवर किंचित पुढे गेलेला असतो. विमान दोघेही नीट टेकवतात. लांबून बघणाऱ्याला दोन्ही लँडिंग सारखीच दिसतील. डीब्रीफमध्ये, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, मात्र दोघांच्या फाइलीत अगदी वेगवेगळं लिहिलं जातं.

का, तर हीच चूक जेटमध्ये किती वेळात घडते ते बघा. पीसी-७ चुकेपर्यंत थोडी सवड देतं. हॉक या ट्रेनिंगच्या जेटमध्ये तेच सगळं कितीतरी वेगाने अंगावर येतं, आणि तिथे कुणी सांगेपर्यंत थांबणाऱ्या मुलाचा निभाव लागत नाही. फायटरसाठी नाव पुढे करताना इन्स्ट्रक्टर हे पाहतो: पुढच्या दहा सेकंदांत काय होणार आहे हे याच्या डोक्यात आत्ता चालू आहे का? फॉर्मेशन फ्लाइंगमध्ये हे आणखी उघड होतं. लीडरच्या विमानाशेजारी आपली जागा धरून राहायचं तर हाताची हालचाल सतत आणि अगदी बारीक लागते. काहींचे खांदे दहा मिनिटांत ताठ होतात, काही मजेत उडत असतात.

आणि एका सॉर्टीवर कुणाचं काही ठरत नाही. मी फाइल वाचायचो तेव्हा एकच शोधायचो: सहाव्या सॉर्टीला लिहिलेली चूक नवव्यालाही लिहिलेली आहे का? चुका सगळेच करतात. त्याच त्या चुका करणारा मागे पडतो. सुरुवातीला अडखळलेला पण प्रत्येक डीब्रीफनंतर सुधारणारा मुलगा कुठल्याही इन्स्ट्रक्टरला आवडतो. सुरुवातीच्या दिवसांत ज्यांना हवेत उलट्या होतात तेही घाबरून जातात, पण बहुतेकांचं शरीर सरावतं. नाही सरावलं तर बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये त्यावर उपचार होतात.

ज्यांना पुरेशी गती येत नाही त्यांना जादा सॉर्टी देतात, इन्स्ट्रक्टर बदलून देतात, वरिष्ठांकडून चेक होतो. तरीही जमलं नाही तर फ्लाइंग थांबतं. ‘मागे पडलेले हेलिकॉप्टरला’ हे म्हणणं इथेच कोसळतं, कारण जे खरोखर मागे पडतात ते कुठल्याच विमानावर जात नाहीत.

हेलिकॉप्टरला आणि ट्रान्सपोर्टला वेगळ्या जातीचं कसब लागतं. चेतक हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर वर एका जागी धरून ठेवणं, म्हणजे होव्हर, पहिल्यांदा करून बघणाऱ्याला अशक्य वाटतं. दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी वेगवेगळं काम करतात आणि एक हलवला की बाकी तिन्ही बिघडतात. हे हकीमपेटला शिकवतात. याच शाखेतून पुढे सियाचेनवर चीता उतरवणारे तयार होतात, तेही अशा उंचीवर की तिथे इंजिन आणि माणूस दोघांनाही श्वास पुरत नाही. ट्रान्सपोर्टमध्ये ढगात नुसत्या उपकरणांवर तासन्‌तास अचूक उडणं आणि क्रू सांभाळणं महत्त्वाचं. माझ्या फाइलीत इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचे शेरे सगळ्यात चांगले होते, एरोबॅटिक्सचे बेताचे. मी पसंतीत फायटर पहिलं लिहिलं होतं आणि मिळालं ट्रान्सपोर्ट. त्या संध्याकाळी वाईट वाटलं, ते लपवत नाही. पुढे अरुणाचलात मेचुकाच्या दरीत एएन-३२ घेऊन उतरायला लागलो तेव्हा कळलं की माझ्या इन्स्ट्रक्टर्सनी मला माझ्यापेक्षा बरं ओळखलं होतं. चहूबाजूंनी डोंगर, छोटी धावपट्टी, दुपारनंतर बिघडणारं हवामान, आणि खाली रसदीची वाट बघणारी माणसं.

मोठी उदाहरणं हवी असतील तर २० ऑगस्ट २०१३ ला सी-१३०जे हे ट्रान्सपोर्ट विमान लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, साडेसोळा हजार फुटांहून जास्त उंचीवर, उतरलं ते बघा. किंवा एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधल्या वादी सय्यदनाच्या खराब धावपट्टीवर रात्री, दिव्यांशिवाय, नाइट व्हिजन गॉगल्स लावून त्याच जातीचं विमान उतरवलं आणि १२१ माणसं बाहेर काढली. ही उरल्यासुरल्यांची कामं आहेत असं कोण म्हणेल?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हवाई दलात फायटर शाखेचं वजन जास्त आहे. आपल्याकडचे प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी, दोघेही हवाई दलप्रमुख झाले आणि दोघेही फायटरचे. सर्वोच्च पदाचं स्वप्न असेल तर शाखेने फरक पडतो. मला स्वतःला हे बदलावंसं वाटतं, पण आज स्थिती अशी आहे.

मेरिट सगळं ठरवत नाही याचा सगळ्यात ठळक पुरावा मुलींचा आहे. नव्वदच्या दशकापासून मुली ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर उडवत होत्या, पण बॅचमध्ये कितीही वर आल्या तरी फायटर त्यांना मिळूच शकत नव्हतं. १८ जून २०१६ ला डुंडिगलच्या परेडमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी फायटर शाखेत कमिशन झाल्या, तेव्हा ते दार उघडलं. त्याआधीच्या कितीजणींचे मार्क त्या दारापर्यंत पोचून थांबले असतील, याचा विचार मी अजूनही करतो.

आणखी एक गैरसमज. शाखा कळली म्हणजे विमान कळलं असं नाही. अमेरिकन हवाई दलात ट्रेनिंग संपताना घरच्यांसमोर सोहळा करून कोणाला कुठलं विमान ते जाहीर करतात. आपल्याकडे फायटरला गेलेला कॅडेट आधी किरण या जेट ट्रेनरवर शिकत आलाय, मग कमिशन, मग बिदरला हॉक मार्क-१३२. सुखोई, तेजस की आणखी काही, हे त्यानंतर ठरतं, आणि तिथे पुन्हा कामगिरी आणि जागा यांचाच मेळ घातला जातो. एकेकाळी मुलं किरणवरून थेट मिग-२१ वर जायची. त्यात फार जीव गेले. मधल्या पायरीचं जेट हवं, हे १९८२ मध्येच एका समितीने सांगितलं होतं, हॉक प्रत्यक्ष आलं २००८ च्या सुमाराला.

तुम्ही अजून एनडीएच्या तयारीत आहात, तेव्हा मार्कांची चिंता करण्याआधी दोन गोष्टी बघा. एसएसबीच्या, म्हणजे निवड मुलाखतीच्या, वेळी सीपीएसएस ही पायलट अ‍ॅप्टिट्यूडची संगणकीय चाचणी होते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर फ्लाइंगचा रस्ता कायमचा बंद, म्हणून जागरण करून, अर्धवट झोपेत तिथे जाऊ नका. आणि घरी मापं घ्या: उंची किमान १६२.५ सेंमी, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४, बसलेली उंची ८१.५ ते ९६. भिंतीला पाठ टेकून, कुणाकडून तरी मोजून घ्या. अंदाजे स्वतः मोजू नका. माप मर्यादेच्या अगदी काठावर आलं तर क्लासची पुढची फी भरण्याआधी जवळच्या एखाद्या माजी सैनिक डॉक्टरांना दाखवा. चष्म्याचा नंबर असेल तर तोही त्याच भेटीत तपासून घ्या, कारण फ्लाइंग ब्रँचचे डोळ्यांचे निकष बाकी शाखांपेक्षा कडक आहेत.