पालकांचे प्रश्न : मॉन्टेसरी, प्ले-वे की आपली बालवाडी?

प्रश्न : आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. मुलगा येत्या डिसेंबरात ३ वर्षांचा होईल. सोसायटीच्या तळमजल्यावर एक 'मॉन्टेसरी' आहे, मानपाड्याला 'प्ले-वे' आहे आणि नौपाड्यात एक जुनी मराठी बालवाडी आहे. पण तिथे व्हॅनने पाठवावं लागेल. तिन्हींत नेमका फरक काय आणि तो ओळखायचा कसा?

उत्तर : 'मॉन्टेसरी' या शब्दावर कुणाचीच मालकी नाही. ज्याला वाटेल तो पाटी लावतो. तेव्हा पाटी बाजूला ठेवा आणि सकाळी साडेनऊ ते अकरा, वर्ग चालू असताना तासभर बसू द्या अशी विनंती करा. रविवारी मुलं नसताना दाखवलेला वर्ग म्हणजे फर्निचरचं दुकान.

इटालियन डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये आपली पहिली बालशाळा काढली. त्यांच्या पद्धतीचा कणा असा : ३ ते ६ वर्षांची मुलं एकाच वर्गात, अडीच-तीन तास सलग कामाचा वेळ, आणि प्रत्येक साधन वर्गात एकच, म्हणजे वाट बघायला शिकणं आलंच. नर्सरी, ज्युनियर, सिनियर अशा वेगळ्या खोल्या आणि दर ३५ मिनिटांनी घंटा असेल, तर ती शाळा चांगली असू शकेल, मॉन्टेसरी मात्र नव्हे. साधनं मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या मांडणीवर हवीत. काचेच्या कपाटात असतील, तर ती पालकांसाठी घेतली आहेत असं समजा.

एक साधन मुद्दाम बघा : लाकडी ठोकळ्यात १० खळगे आणि मुठीची बोंडं असलेले १० दट्टे. बारीक दट्टा मोठ्या खळग्यात सहज जातो, त्यामुळे चूक तेव्हा कळत नाही. शेवटी हातात एक जाडा दट्टा उरतो आणि समोर एक बारीक खळगा. मूल थांबतं, दाबून बघतं, मग एकेक दट्टा परत बाहेर काढतं. नेमक्या याच क्षणी ताईंकडे बघा. 'अरे तो नाही, हा!' असं त्या म्हणाल्या, की साधनाचं काम संपलं. चूक दाखवायला ते साधनच पुरेसं असतं.

'प्ले-वे' म्हणजे खेळातून शिकवणं. त्याला अशी ठरलेली नियमावली नाही. म्हणून तिथे अनुभव टोकाचे येतात. चांगल्या ठिकाणी चार-पाच कोपरे मांडलेले असतात : भातुकली, ठोकळे, वाळू-पाणी, पुस्तकं, रंग. मूल स्वतः कोपरा निवडतं आणि निदान पाऊण तास त्याला कुणी उठवत नाही. वाईट ठिकाणी घसरगुंडीसमोर वीस मुलांची रांग असते आणि उरलेल्या वेळात टीव्हीवर बालगीतं.

मराठी बालवाडीला जुनाट समजू नका. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. दोन्ही गावं तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. मॉन्टेसरींचा विचार घेऊन बिया, शंख-शिंपले, माती आणि मराठी गाणी यांतून त्यांनी इथली पद्धत उभी केली. नौपाड्याच्या शाळेत हे आजही चालतं का, की आता फक्त पाटी-गिरवणी उरली आहे, तेवढं बघून या.

आता व्हॅन. घोडबंदर रोडवर जाऊन-येऊन दीड तास धरलात, तर तीन तासांच्या शाळेसाठी तो फार आहे. मूल पोचेपर्यंतच पेंगुळतं. आमचं मत स्पष्ट आहे : तळमजल्यावरची शाळा बरी असेल तर तीच घ्या, ती पटली नाही तर मानपाडा. नौपाडा फक्त तिथे आजी-आजोबा राहत असतील तर.

मोजायच्या दोन गोष्टी. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणानुसार ३ ते ६ वयात २० मुलांमागे एक मोठं माणूस हवं, आणि ३० मुलांसाठी ३५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३७५ चौरस फुटांचा वर्ग. वन बीएचकेच्या हॉलमध्ये ३० मुलं बसवली असतील तर पद्धत कुठलीही असो, ताईंचा दिवस 'बसा, बसा' म्हणण्यातच जाणार. डिसेंबरातला जन्म म्हणजे तो वर्गात सर्वांत लहान ठरण्याची शक्यता जास्त. मिश्र वयाच्या वर्गात ते कमी जाणवतं.

प्रश्न : मुलगी ४ वर्षांची, ऐरोलीत खेळावर भर देणाऱ्या शाळेत जाते. शेजारची मुलगी ए टू झेड आणि १०० पर्यंत आकडे लिहिते. सासूबाई म्हणतात, 'फी भरून नुसती माती खेळवताय.' शाळा बदलावी का?

उत्तर : आधी घरी एक गंमत करा. डब्यातली बिस्किटं पुढे ठेवा आणि म्हणा, 'मला ५ दे.' पन्नासपर्यंत धडाधड म्हणणारं मूलही पुष्कळदा मूठभर उचलून देतं. म्हणणं ही पाठांतराची गोष्ट आहे. पाचवर थांबता येणं म्हणजे संख्या कळणं. सासूबाईंना सोबत बसवून करा.

लिहिण्याचं गणित हाताचं आहे. साधारण ३ वर्षांचं मूल गोल बघून काढतं, ४ च्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन, ५ ला त्रिकोण. तिरप्या रेघा जमायच्या आधी 'A' किंवा 'K' गिरवायला लावलं, की मूल पेन्सिल मुठीत धरतं, कागद फाटेस्तोवर दाबतं आणि मग 'मला नाही लिहायचं' सुरू होतं. मुठीतली पेन्सिल नंतर सोडवणं महाकठीण. माती मळणं, मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे लावणं, पोळीच्या गोळ्याची लाटी करणं : हीच लेखनाची तयारी. पॉलिशपेपरची अक्षरं बोटाने गिरवायला द्या. सुरुवात 'क ख ग' ने नको. उभ्या रेघेची, सोप्या वळणाची 'ग म भ न' आधी. बरोबरीने 'मका, मासा, मनी... अजून म चं काय?' असा कानांचा खेळ.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही ३ ते ६ वयासाठी पाठ्यपुस्तकं नकोत असंच म्हटलं आहे. शाळा बदलू नका. मात्र ताईंना विचारा, 'या महिन्यात तिला नवीन काय जमलं?' 'छान आहे हो' एवढंच उत्तर आलं तर काळजी करा.

प्रश्न : खारघरमध्ये एक शाळा 'रेजिओ' आणि दुसरी 'वॉल्डॉर्फ' म्हणवते. फी जवळजवळ दुप्पट. घ्यावी का?

उत्तर : रेजिओ एमिलिया हे इटलीतलं शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या पालकांनी शाळा उभारल्या, शिक्षक लोरिस मालागुझ्झींनी त्यांना आकार दिला. त्याचं प्रमाणपत्र वगैरे नसतं. भिंती बघा : २४ सारखीच फुलपाखरं टांगली असतील तर ती ताईंनी कापली आहेत. मुलांची वेडीवाकडी चित्रं आणि खाली त्यांचेच बोल लिहिलेले असतील तर पुढे बोला.

वॉल्डॉर्फची सुरुवात १९१९ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला तत्त्वज्ञ रुडॉल्फ श्टाइनर यांनी केली. तिथे औपचारिक वाचन साधारण सातव्या वर्षाकडे येतं. गोष्टी, गाणी, लाकूड, लोकर यांवर भर. पहिलीला नेहमीच्या राज्य मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या शाळेत घालणार असाल, तर त्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी वाचन तपासतात का, हे दुप्पट फीचा चेक फाडण्याआधी विचारून घ्या.