शोधनिबंधांचे आकडे आणि किडनीचे डॉक्टर

प्रश्न : आम्ही तेल्हारा तालुक्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, राहतो. माझ्या थोरल्या भावांचे क्रिएटिनिन (किडनी नीट काम करेनाशी झाली की रक्तात साचणारा टाकाऊ घटक) वाढत चालले असून डॉक्टरांनी डायलिसिसची तयारी ठेवायला सांगितले आहे. नागपूरला शिकणाऱ्या पुतण्याने मोबाइलवर एका मोठ्या शहरातील किडनीतज्ज्ञांचे पान दाखवले. त्यावर शोधनिबंध ९०, सायटेशन ३१०० आणि एच-इंडेक्स २४ असे लिहिले आहे. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जे डॉक्टर भावांना तपासतात त्यांचे असे पान सापडत नाही. तर भावांना त्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यावे काय?
– एक वाचक, जि. अकोला

उत्तर : एखाद्याच्या शोधनिबंधाचा आधार दुसऱ्या संशोधकाने आपल्या निबंधात घेतला व तसा उल्लेख केला, की पहिल्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा होते. म्हणजे ३१०० हा आकडा इतर निबंधांतील उल्लेखांचा आहे. त्या डॉक्टरांच्या हातून किती रुग्ण बरे झाले याची नोंद त्यात कुठेही नसते.

एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडली. २४ याचा अर्थ त्या डॉक्टरांच्या किमान २४ निबंधांना प्रत्येकी किमान २४ सायटेशन मिळाली आहेत. समजा, कुणाचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १८, ६, ३ आणि १ सायटेशन आहेत, तर त्याचा एच-इंडेक्स ३ येतो. उद्या पहिल्या निबंधाची सायटेशन ४० वरून ४००० झाली तरी तो ३ च राहतो. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि कधीच कमी होत नाही, त्यामुळे निवृत्त प्राध्यापकांसमोर तरुण डॉक्टर नेहमीच फिका दिसणार.

आकडा कशाने फुगतो, हेही पाहावे लागते. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखांना मूळ संशोधनापेक्षा पुष्कळदा जास्त सायटेशन मिळतात. अनेक देशांत चाललेल्या मोठ्या चाचणीच्या निबंधावर कधी कधी शेकडो नावे असतात आणि त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर सगळी सायटेशन पूर्ण जमा होतात. वैद्यकीय निबंधात प्रत्यक्ष काम बहुधा पहिल्या नावाचे आणि मार्गदर्शन शेवटच्या नावाचे असते. मधल्या नावांचा वाटा आकड्यावरून कळत नाही. सारख्या नावाच्या दोन डॉक्टरांचे निबंध संगणकाने एकाच खात्यात घातल्याचेही आढळते, आणि आपल्याकडे आडनाव व आद्याक्षरे जुळणे काही दुर्मीळ नाही.

एक उदाहरण मला फार बोलके वाटते. वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून किडनीची क्षमता काढण्याचे एक सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या कॅनडातील दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. ते अवघ्या २४९ रुग्णांवर बेतलेले होते, तरीही औषधाची मात्रा ठरवताना ते वापरले गेले आणि त्या छोट्या निबंधाला हजारो सायटेशन मिळाली. त्यातले पहिले लेखक कॉकक्रॉफ्ट पुढे नामांकित झाले ते दमा आणि श्वसनविकारांचे तज्ज्ञ म्हणून! भावांच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ‘ईजीएफआर’ (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) असा आकडा छापलेला असेल, तर तोही अशाच दुसऱ्या, पुष्कळ उल्लेख झालेल्या सूत्रातून आलेला असतो. सूत्र, मोजपट्टी किंवा तपासणीची पद्धत सांगणारे निबंध असेच पुढे जातात, कारण ते वापरणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा उल्लेख करावाच लागतो.

तरीही ते पान निरुपयोगी नाही. आकडे सोडून निबंधांची शीर्षके पुतण्याकडून वाचून घ्या. बहुतेक निबंध किडनी प्रत्यारोपणावर असतील आणि पुढे भावांसाठी तोच विचार करायचा असेल, तर त्या डॉक्टरांचा सल्ला एकदा घेणे योग्य ठरेल. आंध्रातील उद्दानम किंवा श्रीलंकेतील शेतकऱ्यांच्या किडनीविकारावर त्यांचे काम असेल, तर ते खारपाणपट्ट्याच्या प्रश्नाजवळचे आहे. त्या भागांत पाणी, उन्हातले कष्ट, कीटकनाशके अशा अनेक कारणांवर संशय घेतला गेला, पण एकच कारण निर्विवाद सिद्ध झालेले नाही. आपल्या पट्ट्यातील एखाद्या गावच्या पाण्यावरचा निबंध साध्या नियतकालिकात आला असेल आणि त्याला चार-पाचच सायटेशन असतील, तरी तुमच्या गावासाठी तो अधिक कामाचा असू शकतो.

डायलिसिस सुरू झाले तर बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा जावे लागते आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास जातात. तेव्हा केंद्र घराजवळ असणे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय असणे आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारे डॉक्टर असणे, या तीन गोष्टी आधी पाहा. हातावरची फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्यांचा केलेला जोड) डायलिसिसच्या काही महिने आधी करून ठेवावी लागते, म्हणून तिची वेळ सध्याच्या डॉक्टरांना याच भेटीत विचारा आणि दुखण्यावरची कोणतीही गोळी त्यांना न विचारता देऊ नका. मोठ्या शहरातील तज्ज्ञांचे मत घ्यायचेच असेल, तर जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एकदा जाऊन या. नेहमीचे उपचार मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीच चालू ठेवा.