छत्री उघडली म्हणून पाऊस?

‘सगळ्यांनी छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला’ असं तुमची साडेचार वर्षांची लेक म्हणते आणि कितीही समजावलं तरी उलटंच सांगते, म्हणून तुम्ही धास्तावलात. धास्तावू नका. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच नोंदवलंय की सात-आठ वर्षांपर्यंतची मुलं ‘कारण’ची वाक्यं पुरी करताना कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतात.

बालवाडीत वीस वर्षं काढली, त्यावरून सांगते. सध्या ‘कारण’ बाजूला ठेवा, ‘म्हणून’ वापरा. ‘तू घसरलीस, कारण शेवाळ होतं’ यात आधीचं मागून येतं. ‘शेवाळ होतं, म्हणून पाय घसरला’ हे जसं घडलं तसंच.

या ‘म्हणून’ची वाट मात्र आपण मोठी माणसंच लावतो. ‘आजीचं ऐकलं नाहीस, म्हणून पडलास!’ मीही माझ्या मुलाला हेच सुनावलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आजीचं सगळं ऐकून, अगदी शहाण्यासारखा, त्याच चिऱ्याच्या पायरीवर आपटला. वर मलाच विचारतो, ‘आज तर ऐकलं होतं ना?’ काय उत्तर देणार! मग आम्ही दोघांनी नारळाच्या सोडणाने ती पायरी घासली, खालची तशीच ठेवली आणि दोन्हींवर हात फिरवला. एक खरखरीत, दुसरी बुळबुळीत. एकच गोष्ट बदलायची आणि पुढे काय होतं ते मुलाने स्वतः चाचपायचं. या वयाला एवढं पुरे.

जवळपास खाजन शेती, म्हणजे भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली नदीकाठची शेती, असेल तर बांधातली मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी दारं, दाखवाच. भरतीला नदीचं पाणी बाहेरून दारं रेटतं, म्हणून ती मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, आतलं रेटतं, म्हणून उघडतात. कुणी हात लावत नाही. सहाएक तासांच्या अंतराने दोनदा न्या, म्हणजे दोन्ही दिसेल. घरी आल्यावर खोलीचं दार एका बाजूने तुम्ही ढकला, दुसऱ्या बाजूने तिला ढकलू दे. चंद्राबिंद्राचं पुढे बघू.

छत्रीचा प्रयोग मात्र दिवाळी उलटल्यावर करा, कोरड्या अंगणात, भर उन्हात. आत्ता आषाढात केलात, तर छत्री उघडायला आणि सर यायला एकच गाठ पडेल आणि तिची खात्रीच पटेल.